सूचक, अनुमोदक आणि पाच पायऱ्या

आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. ती तळमजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत जाते आणि मनात असलं तर परतही येते. फक्त लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या चढाव्या लागतात. माणूस पाच पायऱ्या चढण्याइतका धडधाकट आहे याची खात्री पटल्याशिवाय आमची लिफ्ट त्याला आत घेत नाही.

या पायऱ्या का आहेत, असं जुन्या सभासदांना विचारलं की ते पानशेतपासून सुरुवात करतात. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं आणि तेव्हापासून पुण्याच्या बिल्डरांना उंच जोत्याचा ध्यास लागला, अशी त्यांची मांडणी. आता आमची सोसायटी आहे कोथरूडला, टेकडीच्या अंगाला. इथवर मुठेचं पाणी यायचं तर आधी पर्वतीच्या पायथ्याशी होड्यांचा थांबा करावा लागेल. पण आमच्या बिल्डरने म्हणे फार पुढचा विचार केला होता. त्या पुढच्या विचारात पूर होता, भूकंप होता, दोन स्कूटर उभ्या राहतील एवढं पार्किंगही होतं. सभासद पुढे म्हातारे होतील, हे काही त्याच्या डोक्यात आलं नसावं. सभासदांच्या तर अजूनही येत नाही.

आमच्याकडे गुडघे कोणाचेच दुखत नाहीत. 'जरा पाय मुरगळलाय', 'काल फार चाललो', 'चप्पल नवीन आहे' अशी कारणं चालतात. मंडळी तिसऱ्या पायरीवर थांबतात आणि शेजारचा नोटीस बोर्ड वाचायला लागतात. आमच्या नोटीस बोर्डाइतका मन लावून वाचला जाणारा नोटीस बोर्ड पुण्यात दुसरा नसेल. पाण्याची टाकी धुण्याची मागच्या मार्चमधली सूचना आमच्या अध्यक्षांना पाठ आहे.

हे सगळं सुखाने असंच चालू राहिलं असतं. पण अकरा नंबरच्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं.

अकरा नंबर म्हणजे दुसरा मजला. आमच्याकडे माणसांना नावं नाहीत, फ्लॅट नंबर आहेत. अकरा नंबरच्या आजी शाळेत गणित शिकवायच्या आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ती सवय सोडलेली नाही. त्या घरात पडल्या. अँब्युलन्स आली. स्ट्रेचर काही लिफ्टमध्ये मावेना, जिन्याच्या वळणावर वळेना. मग अशा वेळी महाराष्ट्रातल्या यच्चयावत इमारतींत जे करतात तेच आम्ही केलं. लाल प्लास्टिकची खुर्ची आणली.

चौघांनी खुर्ची उचलली आणि सोळा जणांनी सूचना केल्या. 'डावीकडून घ्या.' 'अरे, कठडा सांभाळ.' 'आजी, घाबरू नका हं,' असं जो तो इतक्या घाबऱ्या आवाजात सांगत होता की आजीच आम्हाला धीर देऊ लागल्या. शेवटच्या पाच पायऱ्यांवर खुर्चीच्या मागच्या पायाने 'कट्' असा आवाज केला. सगळे जिथल्या तिथे थिजले. आजी तेवढ्या वेदनेतही म्हणाल्या, "पालखी छान आहे. पण वैकुंठाकडे वळवू नका, दवाखाना उजव्या हाताला आहे."

शस्त्रक्रिया झाली. आजी घरी आल्या त्या व्हीलचेअर घेऊन, म्हणजे पुन्हा त्याच चौघांच्या हातांवरून. मागून व्हीलचेअर रिकामीच वर गेली, लिफ्टने. आणि सोसायटीत रॅम्प करावा, असा आजींचा अर्ज आला.

तो विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात आला. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे आमची सभा ३० सप्टेंबरलाच असते. ठिकाण गच्ची. हॉलला भाडं पडतं आणि गच्चीला पडत नाही, शिवाय कोजागरीच्या सतरंज्या तिथेच असतात. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. चौथ्या मजल्यावर ती आपल्याला सोडते आणि पुढे एक पूर्ण जिना स्वकष्टाने.

सभासद वीस, त्यांच्या दोनतृतीयांश म्हणजे चौदा जण हवेत. जमले नऊ. मग कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली. हा अर्धा तास आमच्या लोकशाहीतला सर्वांत सुखाचा काळ. त्यात चहा होतो, कोणाच्या मुलाचं कुठे जमलं ते कळतं. अर्ध्या तासाने तेच नऊ जण त्याच सतरंजीवर बसून कायदेशीर होतात.

विषय क्रमांक सात : रॅम्पबाबत विचारविनिमय.

"रॅम्प कोणाकोणाला हवाय, त्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले.

एकही हात वर झाला नाही. होणार कसा? अकरा नंबरच्या आजी दुसऱ्या मजल्यावर होत्या. कंपवातामुळे हात सतत हलतच असलेले सहा नंबरचे काका पहिल्या मजल्यावर. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे तीन नंबरवाले तळमजल्यावर झोपलेले. सात महिन्यांची गरोदर असलेली अठरा नंबरची सून डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं म्हणून घरात. गच्चीवर जमलेल्यांपैकी कोणालाही चढण्या-उतरण्याची काहीही अडचण नव्हती. चिटणिसांनी इतिवृत्तात लिहूनही टाकलं : 'रॅम्पची आवश्यकता असणारा एकही सभासद सभेस उपस्थित नव्हता.' हे वाक्य इतकं खरं होतं की त्याला हरकत कोण घेणार?

आजींचा मुलगा जिन्याच्या दाराशी उभा होता. "आईच्या वतीने बोलू का?" त्याने विचारलं.

"तुम्ही सभासद आहात? सहयोगी सभासद?" चार नंबरवाल्यांनी विचारलं.

"नाही, मुलगा आहे."

"उपविधीत मुलगा नाही. प्रतिनिधी नाही, मुखत्यारही नाही. सभासदाने स्वतः यायचं."

चार नंबरवाले वकील नाहीत. शेजारच्या प्लॉटवाल्याशी भिंतीवरून वर्षानुवर्षं खटला चालवल्यामुळे त्यांना आपोआप सनद मिळाल्यासारखी झाली आहे. त्यांनी २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा छापून आणला होता आणि त्यात पिवळ्या पेनाने रेघा मारल्या होत्या. "हे सगळं सार्वजनिक इमारतींना आहे," ते म्हणाले. "शाळा, दवाखाना, स्टेशन, न्यायालय. आपली इमारत खासगी आहे. इथे सार्वजनिक काही नाही."

"गणपती?" मागून कोणीतरी म्हणालं.

"तो दहा दिवसच असतो."

मग रीडेव्हलपमेंट निघाली. आमच्या सोसायटीत कुठलीही गोष्ट न करण्याचं हे अधिकृत कारण आहे. गळका पाइप, पडकं प्लास्टर, तुटकं गेट, सगळं रीडेव्हलपमेंटमध्ये होणार आहे. "आता कशाला खर्च? ७९-अ खाली एकदा ठराव झाला की बिल्डर रॅम्पच काय, सरकता जिना देईल," खजिनदार म्हणाले. खजिनदारांच्या आयुष्यातली सगळी सुखं त्या येणाऱ्या बिल्डरच्या खात्यावर लिहिलेली आहेत. दाढदुखीसुद्धा ते रीडेव्हलपमेंटपर्यंत काढतील असं वाटतं.

अध्यक्षांच्या सौभाग्यवतींना वास्तुशास्त्राचा अभ्यास आहे. "रॅम्पचं तोंड दक्षिणेला येतंय," त्या म्हणाल्या.

"चढताना माणसाचं तोंड उत्तरेलाच असतं की," मी म्हणालो.

"आणि उतरताना?"

"व्हीलचेअर उतारावरून उलटीच उतरवतात, वहिनी. म्हणजे तेव्हाही तोंड उत्तरेलाच."

त्यांचं समाधान झालं. माझं मात्र वाटोळं झालं, कारण यामुळे मला विषयातलं कळतं अशी सभेची समजूत झाली. त्यात मी आणखी एक प्रश्न विचारून बसलो. "ज्यांना रॅम्प हवाय ते या गच्चीवर हात वर करायला येणार कसे?" सतरंजीवर शांतता पसरली. मग अध्यक्ष म्हणाले, "मुद्दा अत्यंत मोलाचा आहे. तुम्हीच रॅम्प समितीचे निमंत्रक व्हा." सूचक खजिनदार, अनुमोदक चार नंबर. टाळ्या. आमच्याकडे प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देत नाहीत, पद देतात.

निमंत्रक झाल्यावर पहिल्यांदा पर्याय ऐकून घ्यावे लागतात. एकाने फळी सुचवली. गरजेच्या वेळी पायऱ्यांवर टाकायची, काम झालं की काढायची. फळी ठेवायची कुठे? तर गच्चीवर. दुसऱ्याने सुचवलं की आजींनी तळमजल्यावरच्या कोणाशी तरी फ्लॅट बदलून घ्यावा. तळमजल्यालाही त्याच पाच पायऱ्या आहेत, हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर ते म्हणाले, "मग निदान अर्धा प्रश्न तरी सुटेल." बहुमत मात्र तिसऱ्या पर्यायाला होतं : 'आपण आहोत की उचलायला.' मराठी माणसाला सिमेंटपेक्षा खांद्याचा भरवसा जास्त. हे बोलणाऱ्यांत एकाला हर्निया होता आणि दोघांच्या कमरेला पट्टा होता. वॉचमन सगळं ऐकून मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, 'आपण' म्हणजे मी. तेवढा रॅम्प करून घ्या."

शेवटी रॅम्पचा हिशेब करायला बसलो. कॅल्क्युलेटर, मोबाइल, अध्यक्षांचा इंजिनिअर जावई व्हिडिओ कॉलवर. सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी. तेवढ्यात अकरा नंबरमधून फोन.

"पायरी केवढी उंच?"

"सहा इंच, आजी."

"पाच सक तीस. तीस इंच चढ. रॅम्पचं प्रमाण एकास बारा. इंचाला एक फूट. म्हणजे किती?"

"तीस फूट," मी उभा राहून उत्तर दिलं. आजींशी फोनवरसुद्धा बसून बोलवत नाही.

"वळणावर व्हीलचेअर फिरायला पाच फूट चौरस सपाट जागा सोडा. रुंदी चार फूट. दोन्ही बाजूंना कठडा. लिहून घेतलंत?"

दारापासून गेटपर्यंत जागा होती अठरा फूट. तीस फूट सरळ नेला तर रॅम्प महापालिकेच्या फुटपाथवर उतरला असता आणि तिथे आधीच एक वडापाववाला होता. म्हणजे रॅम्प मधे वळवून घ्यायला हवा. वळवला की तो थेट दोन नंबरवाल्यांच्या पार्किंगमध्ये जात होता.

दोन नंबरवाल्यांची मारुती ८०० ही आमच्या आवारातली सर्वांत स्थिर गोष्ट आहे. मुलगा न्यू जर्सीला गेला तेव्हा तिच्यावर कव्हर घातलं, ते अजून तसंच आहे. कव्हरखाली मांजरींचं बाळंतिणीचं घर आहे. टायरमधली हवा कधीच निघून गेली आहे. तरी दोन नंबरवाले रोज सकाळी जाऊन कव्हरवर हात फिरवतात आणि घोडा तयार असल्याच्या समाधानाने परत येतात. "जागा माझ्या नावावर आहे," त्यांनी सांगितलं. "मुलगा आला की गाडी लागते."

हे आजींना कळवलं. त्या म्हणाल्या, "त्या गाडीला आणि मला, दोघींनाही हलता येत नाही. पण तिला पार्किंग मिळालंय."

वाटाघाटींना जागा उरली नाही तेव्हा मी ठेकेदार शोधला. त्याने एका नजरेत प्रश्न सोडवला. "तीस फूट कशाला, साहेब? मी गाड्यांचे रॅम्प घालतो. दहा फुटांत बसवतो. बुलेट चढते." दहा फुटांत म्हटल्यावर दोन नंबरवाल्यांची गाडी वाचत होती, खजिनदारांचे पैसे वाचत होते आणि समितीचा वेळही वाचत होता. ठराव एकमताने झाला. वरून ठेकेदाराने 'लुक येईल' म्हणून त्यावर चकचकीत लाद्या बसवल्या. त्यात तोंड दिसायचं. पुढे बऱ्याच जणांना ते फार जवळून पाहायला मिळालं.

उद्घाटनाआधी चाचणी घ्यायचं ठरलं. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून व्हीलचेअर भाड्याने आणली. आत कोण बसणार? अध्यक्षांनी पदाचा मान सांगितला, खजिनदारांनी वजन. उरलो मी. बसल्याबरोबर माझ्याशी बोलणं सगळ्यांनी बंद केलं. 'त्यांना नीट बसता येतंय का विचार,' असं चार नंबरवाले माझ्यासमोर वॉचमनला सांगत होते. खुर्चीला चाकं लागली की माणसाला ऐकू येईनासं होतं, अशी एक सार्वत्रिक समजूत असावी.

वॉचमनने जोर लावला. निम्म्या रॅम्पपर्यंत आम्ही दिमाखात गेलो. तिथे वॉचमनची चप्पल लादीवरून सटकली आणि आम्ही दोघं आल्या वाटेने, आल्यापेक्षा बऱ्याच वेगाने, परत निघालो.

"ब्रेक लावा!" सगळे ओरडले.

मी लावला. उजवा. त्यामुळे खुर्ची डावीकडे वळली, तुळशी वृंदावनाला प्रदक्षिणा घातल्यासारखी करून अध्यक्षांच्या सौभाग्यवतींच्या मोगऱ्याच्या कुंड्यांत शिरली आणि शेवटी मारुती ८०० च्या बंपरला टेकली. मांजरी बाहेर आल्या. दोन नंबरवाले धावत आले आणि त्यांनी गाडीला कुठे लागलं का ते पाहिलं.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला, "एकास चार! नापास!"

तो रॅम्प फोडावा लागला. घालायला लागला होता त्याहून जास्त वेळ फोडायला लागला, कारण ठेकेदाराने नेमकं त्याच कामात सिमेंट चांगलं वापरलं होतं. मधल्या काळात मी समितीतर्फे घरोघरी फिरलो. घरांच्या आत काय परिस्थिती आहे ते तरी पाहावं म्हटलं, कारण रॅम्प झाला म्हणून माणूस मोरीत पोचतो असं नाही.

आणि खरोखरच पोचत नाही. व्हीलचेअर असते सव्वादोन फूट रुंद. आमच्या बाथरूमची दारं दोन फुटांची. दार तीन फुटांचं हवं. त्यावर पाणी हॉलमध्ये येऊ नये म्हणून तीन इंचांचा ग्रॅनाइटचा उंबरठा. आत गेल्यावर धरायला एकच गोष्ट, टॉवेलची दांडी. ती दांडी टॉवेल पेलते, काका पेलत नाही. हे सहा नंबरच्या काकांनी दोनदा सिद्ध केलं आहे. दोन्ही वेळा ते दांडी आणि टॉवेल यांच्यासह खाली आले.

"आधाराचा पाइप बसवून घ्या, काकू," मी सुचवलं. "भिंतीत बोल्ट मारून बसवतात. शे-सव्वाशे किलोचा माणूस लोंबकळला तरी हलत नाही."

"नको बाई," काकू म्हणाल्या. "घराचं हॉस्पिटल दिसतं. कोणी आलं-गेलं तर काय म्हणेल?"

"बाथरूममध्ये कोण येतंय-जातंय?"

"मुलीला बघायला आले तर?"

म्हणजे स्थळ पसंत करायच्या आधी पाहुणे मोरीत जाऊन भिंती तपासणार होते. काकूंनी बराच विचार करून पाइप बसवायला परवानगी दिली, पण त्यावर क्रोशाचं तोरण लावलं. सहा नंबरचे काका आता पडता पडता तोरण धरतात.

हॉलमधल्या गालिच्याला घडी, दारात पितळी उंबरठा आणि त्यावर रांगोळीचं स्टिकर, मोरीत गुळगुळीत फरशी, दिव्याचं बटण खांद्याच्याही वर. घर कसं राहायचं याऐवजी कसं दिसायचं याचाच विचार सगळीकडे. चौदा नंबरात तर कमोडवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर लोंबणारं शोभेचं झाड पाहिलं. प्लास्टिकचं आहे, पण धुळीमुळे अस्सल वाटतं. आमच्या वाडवडिलांना निदान ही अक्कल होती. पेठांतल्या वाड्यांचे जिने शिडीसारखे उभे, अंधारे, पण वरून एक जाडजूड दोर सोडलेला असायचा. तो धरून पणजी ऐंशीव्या वर्षी माडीवरून लोणच्याची बरणी आणायची. वाडा दवाखाना दिसतो, असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

लिफ्टचीही एक तपासणी झाली. आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे : '४ व्यक्ती, २७२ किलो'. म्हणजे माणशी अडुसष्ट. खजिनदार आणि अध्यक्ष एकत्र आत शिरले तर लिफ्टच्या दृष्टीने तिघं-चौघं झाली. व्हीलचेअर आत जाते, पण पाय ठेवायच्या पट्ट्या बाहेर राहतात. पट्ट्या बाहेर म्हणून जाळीचं दार लागत नाही, दार लागत नाही म्हणून लिफ्ट हलत नाही आणि लिफ्ट हलत नाही म्हणून आतली बाई गोड आवाजात 'कृपया दरवाजा बंद करा' असं सांगत राहते. पट्ट्या काढल्या तर दार लागतं. मात्र मग ढकलणारा आत मावत नाही. त्याने जिन्याने धावत जाऊन वर स्वागताला उभं राहायचं. शिवाय बटणं इतकी उंचावर की बसलेल्या माणसाचा हात पोचू नये. आजींनी यावर स्वतःच तोडगा काढला. पाय वर धरायचे आणि स्वयंपाकघरातल्या लाटण्याने बटण दाबायचं. लिफ्टमधून लाटणं घेऊन बाहेर येणाऱ्या आजी पाहून कुरिअरवाला पार्सल टाकून पळाला.

दुसरा रॅम्प मात्र नीट झाला. एकास बारा, मधे वळण, वळणावर सपाट जागा, चकचकीत लाद्यांऐवजी खरखरीत चेकर्ड टाइल्स. त्यासाठी मारुती ८०० हलवावी लागली. ती ढकलता येईना, कारण चाकं जमिनीशी एकरूप झाली होती. शेवटी तिला उचललं. तेच चौघं, तेच सोळा जण सूचना करायला. दोन नंबरवाले म्हणत होते, "घाबरू नका हं," बहुधा गाडीला.

पहिल्याच आठवड्यात रॅम्पला अपार लोकप्रियता लाभली. पोरं स्केट्स घेऊन आली. सिलिंडरवाल्याने सिलिंडर गडगडत वर नेला आणि पहिल्यांदाच हसताना दिसला. न्यू जर्सीहून आलेल्या मुलाच्या चार बॅगा त्यावरून गेल्या. आपल्या गाडीची जागा कुठे गेली, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. चार नंबरवाले रोज त्यावरूनच वर येतात. "पायऱ्यांवर गर्दी असते," म्हणतात. नोटीस बोर्ड आता कोणी वाचत नाही. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर थंडीत गोधड्या, उन्हाळ्यात कुरडयांची चादर. गणपतीसुद्धा यंदा रॅम्पवरून आले. अध्यक्ष ज्या कोणाला भेटतील त्याला सांगतात, "मी सुरुवातीपासूनच आग्रही होतो."

सगळ्यांना उपयोग झाला. फक्त आजी पहिल्यांदा खाली आल्या तेव्हा रॅम्पच्या तोंडाशी सतरा नंबरची ॲक्टिव्हा आडवी लावलेली होती. अध्यक्षांचीच. "दोनच मिनिटं लावली होती," ते म्हणाले. सोसायटीने तातडीने पाटी लावली. पुण्यात पाटी लावली की काम झालं असं धरतात : 'रॅम्पवर वाहने लावू नयेत. लावल्यास चाकांतील हवा सोडण्यात येईल. (व्हीलचेअर वगळून)'. कंसातली दुरुस्ती चार नंबरवाल्यांची.

पुढची सभा आजींच्या मागणीनुसार पार्किंगमध्ये झाली. सहा नंबरचे काका आले, तीन नंबरवाले आले, अठरा नंबरची सून बाळाला घेऊन आली. कोरम पहिल्याच मिनिटाला भरला आणि अर्ध्या तासाचा चहा बुडाला म्हणून बरेच जण खट्टू झाले. विषय क्रमांक दोन, जमाखर्चास मंजुरी. गेली कित्येक वर्षं हा विषय 'मंजूर, मंजूर' अशा सुरात चटईवरची धूळ झटकता झटकता संपायचा. यंदा आजींनी चष्मा लावला.

"पान चारवर लिफ्टची दुरुस्ती आहे," त्या म्हणाल्या. "पान सहावर पुन्हा लिफ्टची दुरुस्ती. आपल्याला दोन लिफ्ट आहेत?"

"नाही, आजी," खजिनदार म्हणाले.

"असली तर दाखवा. मी तिच्यात मावते का बघते."

मग त्यांनी सिंकिंग फंडाकडे मोर्चा वळवला. पाव टक्का कशाचा, बांधकाम खर्चाचा की कोणाच्या मर्जीचा, हे त्यांनी खजिनदारांना फळ्यापुढे उभं केल्यासारखं विचारलं. खजिनदार उभेच होते. सभा रात्री साडेदहापर्यंत चालली आणि जमाखर्च दुरुस्त करून पुन्हा मांडायचा, असा ठराव झाला. सूचक आजी, अनुमोदक सहा नंबरचे काका. त्यांचा हात तर वर होताच.

परवा खजिनदार घरी आले. फेरसभेच्या सूचनेचा मसुदा त्यांनी आपणहून, सुवाच्य अक्षरात लिहून आणला होता. तारीख, वेळ, विषय सगळं नीट. स्थळापुढे लिहिलं होतं 'गच्ची'.

"गच्ची का?" मी विचारलं.

"वर हवा चांगली असते," ते म्हणाले.